दुसऱ्या बाजूची उलटतपासणी

माझे वडील खामगावच्या न्यायालयाच्या आवारात, कडुनिंबाच्या सावलीत मेज मांडून, तीसहून अधिक वर्षे अर्जनवीस म्हणून बसत. आणि शेगावाहून सकाळच्या गाडीने निघून, जलंबला उतरून, १८७० साली कापसाच्या वाहतुकीसाठी घातलेल्या त्या चिमुकल्या फाट्यावरील दुसऱ्या गाडीने खामगाव गाठीपर्यंत आदल्या दिवशीच्या कज्ज्यांचा मनातल्या मनात जो फैसला ते करीत, तो रात्री पानावर बसल्यावर आम्हां भावंडांना ऐकवीत असत. वादी, प्रतिवादी, कैफियत, हरकत, तहकुबी, नक्कल, खर्चासह हुकूमनामा हे शब्द मी बाराखडीबरोबरच शिकलो. पुढे ज्या उद्योगात मी आयुष्याची वीस वर्षे घातली त्याचा कायद्याशी संबंध म्हणाल तर एवढाच, की तो उद्योग कायद्याने अपराध होता; तथापि माझ्या फळीसमोर उभे राहून लोकांनी जे वाद घातले त्यांची टाचणे वडिलांच्याच भाषेत माझ्या मनात उमटत गेली. वडिलांच्या मेजासमोर लोक भांडत ते शेताच्या बांधासाठी. माझ्यासमोर भांडत ते गाण्यासाठी. आणि निष्ठेची तीव्रता पाहिली तर बांधवाले मला नेहमीच पुष्कळ समंजस वाटत आले.

कॅसेटी भरून देण्याचे माझे दुकान १९८४ साली शेगावात, स्थानकाकडून मंदिराकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर निघाले. आजच्या वाचकाला 'कॅसेट भरणे' म्हणजे काय हे सांगावे लागेल. गिऱ्हाईक कोरी कॅसेट घेई, हव्या त्या गाण्यांची यादी कागदावर लिहून देई, आणि आम्ही आमच्याजवळच्या मूळ कॅसेटींवरून ती गाणी त्या कोऱ्या पट्टीवर उतरवून, आवरणावर सुवाच्य अक्षरात नावे घालून, दुसऱ्या दिवशी हाती देत असू. १९५७ चा स्वामित्वहक्काचा कायदा या कृत्याला काय म्हणतो ते मला ठाऊक होते. मी दुकान काढले त्याच वर्षी त्या कायद्यातील शिक्षा दुरुस्तीने वाढवण्यात आल्या, हेही वडिलांनी मला वर्तमानपत्राचे कात्रण दाखवून सांगितले होते. त्या काळी गावोगाव हा धंदा राजरोस चाले. मी तो केला, त्यावर घर चालवले, आणि आज त्याचे समर्थन करण्याची मला गरज वाटत नाही.

दुकानाच्या दर्शनी फळीवर अर्थातच गजानन महाराजांच्या आरत्या, भूपाळ्या, भजने आणि दासगणूंच्या एकवीस अध्यायी ग्रंथाचे पारायण. प्रकटदिनाच्या आणि ऋषिपंचमीच्या सुमारास या फळीवर जी विक्री होई तिच्यावर वर्षाचे भाडे निघे. परंतु दुकान निघण्याच्या आदल्याच वर्षी, १९८३ मध्ये, महाराजांच्याच नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय गावात सुरू झाले होते, आणि मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतली मुले आमच्या या ज्वारी-कापसाच्या मुलखात चार-चार वर्षांच्या मुक्कामाला येऊ लागली होती. सुट्टीहून परतताना त्यांच्या पेटीत चिवड्याच्या डब्याशेजारी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून आणलेल्या दोन-चार विलायती कॅसेटी असत. त्यांच्यासाठी मी दुकानाच्या आतल्या अंगाला एक निराळी फळी केली. भजनांच्या फळीवरचा पैसा येई आणि आतल्या फळीवर वेळ जाई, अशी ती वाटणी होती.

त्या फळीशी माझी पहिली ओळख झाली ती फजितीनेच. मुंबईच्या एका विद्यार्थ्याने एक कॅसेट आणून दिली. मी ती डेकमध्ये घालून कळ दाबली, आणि आवाज असा फाटून आला की मी तत्काळ यंत्र बंद केले, कापसाचा बोळा स्पिरिटात भिजवून हेड पुसले, पुन्हा लावले. तोच प्रकार. तेव्हा हेड स्वच्छ असूनही आवाज फाटतो त्या अर्थी दोष अँप्लिफायरमध्ये असणार, असा अनुमानाचा सरळ रस्ता धरून मी पेचकस घेतला आणि पेटीचे झाकण उघडू लागलो. मुलगा शांतपणे उभा होता. शेवटी त्याने माझ्या हाताला हात लावला आणि म्हटले, "काका, काही बिघडलेलं नाहीये. असंच आहे ते."

ते मेटॅलिका होते. ज्या दोषासाठी लोक यंत्र दुरुस्तीला आणतात तो दोष गिटारीत बुद्धिपुरस्सर उत्पन्न करून, तो तासन्‌तास एका पातळीवर राखणे, ही एक विद्या असू शकते, ही कल्पना पचनी पडायला मला दोन वर्षे लागली. थ्रॅश मेटल असे त्या पंथाचे नाव. अमेरिकेत १९८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तो उदयाला आला. मेटॅलिका, मेगाडेथ, स्लेअर आणि अँथ्रॅक्स हे त्याचे चार प्रमुख फड. त्यांतला मेगाडेथचा नायक हा मुळात मेटॅलिकातून १९८३ साली हाकललेला, त्यामुळे या पंथात भाऊबंदकीही पहिल्यापासून होती, आणि हे कळल्यावर मला तो पंथ एकदम आपलासा वाटू लागला.

समोरचा पक्ष पॉपचा. मायकेल जॅक्सन, मॅडोना, आबा. आणि आपल्याकडचा म्हणून १९८१ सालचा नाझिया हसनचा 'डिस्को दिवाने'. संख्याबळ निर्विवाद यांचे. वसतिगृहाच्या दहा खोल्यांपैकी नऊ यांच्या, एक थ्रॅशवाल्यांची, परंतु त्या एका खोलीचा आवाज नऊ खोल्यांना पुरून उरे. अल्पसंख्य पक्ष अभ्यासू असतो, त्याला सनावळ्या पाठ असतात, आपला कोणता वादक कोणत्या साली कोणत्या अपघातात गेला हे तो डोळ्यांत पाणी आणून सांगतो. बहुसंख्य पक्षाला हे काहीच करावे लागत नाही, कारण त्याचे गाणे न्हाव्याच्या दुकानातही वाजत असते. यास्तव वाद नेहमी थ्रॅशवाले उकरून काढीत, आणि पॉपवाले त्यात पडत ते केवळ चहा येईपर्यंत वेळ जावा म्हणून.

थ्रॅशवाल्यांची फिर्याद अशी, की पॉप हे विक्रीसाठी बनवलेले सामान आहे, त्यात गाणारा निराळा, रचणारा निराळा, वाजवणारे भाड्याचे. पॉपवाल्यांचा जबाब असा, की ज्याच्यावर पाय थिरकत नाहीत आणि ज्याचा एक शब्द कळत नाही ते संगीत नसून कसरत आहे. पुराव्याची गंमत अशी की एकच दस्तऐवज दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने दाखल करीत. जॅक्सनच्या १९८२ च्या 'थ्रिलर'मध्ये 'बीट इट' या गाण्यात जी गिटार मध्यंतरी कडाडते ती एडी व्हॅन हेलन या नामांकित रॉक वादकाची. थ्रॅशवाले म्हणत, पाहा, जीव आणायला शेवटी आमच्यातलाच माणूस उसना आणावा लागला. पॉपवाले म्हणत, पाहा, तुमच्यातला एवढा मोठा माणूस आमच्या दारी आला आणि मोबदल्याची कवडीही न घेता वाजवून गेला. दोन्ही विधाने सत्य. वडील म्हणत, ज्या कागदावर दोन्ही पक्षांची सही असते त्यावरच खटला सर्वांत लांबतो.

एकदा संग्रामपूरकडचा एक विद्यार्थी, घरी बागायत नि ट्रॅक्टर असलेला, कोपऱ्यात उभा राहून हे सर्व ऐकत होता. स्लेअरची कॅसेट चालू होती. तो म्हणाला, "काका, यात काय हाय एवढं? आमच्या खळ्यावर थ्रेशर सुरू झालं का असाच आवाज येते. अन् त्यातून ज्वारी तरी निघते!" दुकान हसून लोटपोट झाले, आणि त्या दिवसापासून त्या पंथाला आमच्याकडे 'थ्रेशर' हेच नाव पडले. पुढे एका इंग्रजीच्या प्राध्यापकांनी मला शब्दकोश उघडून दाखवले, की बडवणे या अर्थाचा 'थ्रॅश' आणि मळणी करणे या अर्थाचा 'थ्रेश' हे इंग्रजीतले दोन शब्द मुळात एकच आहेत. पोराने थट्टेने केलेली व्युत्पत्ती शास्त्राला धरून निघाली. त्याच मुलाने माझ्या डेकवरची 'नॉर्मल', 'क्रोम', 'मेटल' अशी तीन अक्षरांकित खटकी पाहून, ती 'मेटल'वर ढकलली तर आशाबाईंचे गाणेही थ्रेशरसारखे वाजेल काय, असे मला गंभीरपणे विचारले होते. ती खटकी पट्टीवरच्या लेपाच्या जातीसाठी असते, गाण्याच्या जातीसाठी नव्हे, हे समजावून दिल्यावर तो जरा हिरमुसला.

आता या सर्व वादात माझे स्थान काय होते ते सांगितले पाहिजे, कारण त्यावरच माझ्या मताची किंमत अवलंबून आहे. दोन कॅसेटींच्या डेकवर दुप्पट वेगाने नक्कल उतरवण्याची सोय असे, परंतु त्या वेगात वरच्या पट्टीचे बारीक आवाज मरतात. झांजेची धार बोथट होते. भजनाचे गिऱ्हाईक हे चालवून घेई. ही मुले घेत नसत. यास्तव त्यांच्या कॅसेटी मला चालत्या वेगानेच भराव्या लागत, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटीला नव्वद मिनिटे, आणि पातळीचा काटा तांबड्यात जातो की काय यावर नजर ठेवून समोर बसणे प्राप्तच होते. याचा परिणाम असा, की पॉपवाल्यांनी जे थ्रॅश दोन मिनिटांच्या वर कधी ऐकले नव्हते आणि थ्रॅशवाल्यांनी जे पॉप ऐकणे कमीपणाचे मानले होते, ते दोन्ही, अथपासून इतिपर्यंत, शेकडो वेळा ऐकलेला अवघ्या शेगावात मी एकटा होतो. न्यायाधीशाची ही पात्रता मी मागितली नव्हती. ती धंद्याने माझ्यावर लादली.

लांबी-रुंदीचा हिशेबही मला कळू लागला. स्लेअरचे १९८६ सालचे 'रेन इन ब्लड' हे सबंध पुस्तक, दहा गाणी मिळून, अवघ्या एकोणतीस मिनिटांचे. साठ मिनिटांच्या कॅसेटीच्या एका बाजूत ते असे चपखल बसे की मापून शिवल्यासारखे. 'थ्रिलर' बेचाळीस मिनिटांचे. नव्वदच्या एका बाजूत सुखाने बसे आणि शेवटी श्वास घ्यायला जागाही उरे. मेटॅलिकाचे मात्र बसत नसे. त्यांचे १९८४ चे 'राइड द लाइटनिंग' सत्तेचाळीस मिनिटांच्या वर जाते, म्हणजे बाजू संपते आणि गाणे उरते.

ही अडचण एका प्रकरणात फार उपयोगी पडली, ते प्रकरण सविस्तर सांगतो.

१९८८ च्या पावसाळ्यात दोन मुले दुकानात आली. एकाच खोलीत राहणारी; एक मेहकरकडचा, दुसरा ठाण्याचा. मेहकरचा जॅक्सनचा भक्त आणि ठाण्याचा पक्का थ्रॅशवाला. दोघांत मिळून एक टेपरेकॉर्डर होता, आणि महिनाअखेर असल्यामुळे दोघांत मिळून एकाच कोऱ्या कॅसेटीचे पैसे होते. तेव्हा असा तह ठरला, की पहिल्या बाजूला 'थ्रिलर' आणि दुसऱ्या बाजूला 'राइड द लाइटनिंग' भरावे, आणि एक दिवसाआड खोलीत ज्याची त्याची बाजू वाजावी. मी ठाण्याच्या मुलाला सांगितले, की तुझे गाणे बाजूपेक्षा लांब आहे, एखादे वगळ. त्याने यादीवरून बोट फिरवले, दोनदा फिरवले, आणि एकही वगळायला नकार दिला. शेवटचे गाणे, 'द कॉल ऑफ क्टुलू' नावाचे, जवळजवळ नऊ मिनिटांचे, शब्दावाचून नुसत्या वाद्यांचे आहे. त्याची अखेरची दोनेक मिनिटे तुटली तरी चालतील, पण मधले काही काढायचे नाही, असा त्याचा हट्ट. मी म्हटले, ती दोन मिनिटे तुला पुढे एखाद्या तुकड्यावर भरून देईन. वहीत तशी नोंदही केली.

आठ दिवसांनी दोघे परत आले, ते भांडतच. मेहकरच्या मुलाने कॅसेट माझ्या फळीवर आपटली. "काका, माह्या बाजूत हा घुसला!" मी 'थ्रिलर'ची बाजू लावली. पहिले गाणे संपले, दोन गाण्यांमधली ती दोन-चार सेकंदांची शांतता आली, आणि त्या शांततेतून, दूरच्या शेतात कोणी मळणीयंत्र चालवावे तशी, थ्रॅशची गिटार ऐकू येऊ लागली. एवढेच नव्हे, ती उलटी वाजत होती.

कॅसेटीच्या पट्टीची रुंदी चार मिलीमीटरही भरत नाही. एवढ्याशा पट्टीचे लांबीने दोन हिस्से पाडलेले असतात. एका हिश्शावर पहिली बाजू जाते, कॅसेट उलटली की दुसऱ्यावर दुसरी बाजू विरुद्ध दिशेने येते, आणि दोहोंच्या मध्ये एक कोरा, केसाएवढा बांध सोडलेला असतो. माझ्या डेकचे भरणारे हेड, स्क्रू ढिला होऊन, त्या बांधाच्या दिशेने किंचित सरकले होते. दुसरी बाजू नंतर भरलेली, त्यामुळे अतिक्रमण झाले ते पॉपच्या शेतात. वडील जन्मभर ज्या एका फिर्यादीवर उदरनिर्वाह करीत आले, प्रतिवादीने नांगरताना वादीचा बांध कोरला, ती फिर्याद माझ्या दुकानात, माझ्याच हलगर्जीपणाने, चार मिलीमीटरच्या पट्टीवर अवतरली होती.

मी चूक कबूल केली, परंतु खटला तेवढ्यावर थांबला नाही. मेहकरचा मुलगा कान लावून ऐकत होता, त्याच्या मुद्रेवर हळूहळू विजयाचे तेज चढले आणि तो म्हणाला, "लेका, उलटं वाजते, तं बी सारखंच वाजते हे! म्हंजे सुलट्यात तरी काय होतं?" क्षणभर मला वाटले की हा जबाब निरुत्तर करणारा आहे. ठाण्याचा मुलगा लालबुंद झाला. मग त्याने आग्रह धरला, की न्याय व्हायचा तर दोन्ही बाजूंचा व्हावा. 'थ्रिलर'ही उलटे वाजवून दाखवा. माझ्याजवळ एक मोडकी कॅसेट होती. तिच्या कवचातून रीळ काढून, पट्टीला पीळ देऊन, पुन्हा बसवण्याचा उपद्व्याप मी अर्धा तास केला, आणि त्या संध्याकाळी मायकेल जॅक्सनची उलटतपासणी झाली.

ती ऐकून मी जे शिकलो ते तीस वर्षांत विसरलेलो नाही. माणसाचा आवाज उलटा केला की तो अनोळखी होतो, आणि ढोलावरचा ठोका उलटा केला की आधी फुगत येतो आणि मग चटकन तुटतो. यास्तव पॉप, जे सर्वस्वी गळा आणि ठोका यांवर उभे आहे, उलटताच पार कोसळते. थ्रॅशची गिटार मात्र मुद्दाम फाडलेली असल्यामुळे तिच्या सुराला चढ-उतार थोडा, आरंभ आणि अंत जवळपास सारखे. ती उलटीही बरीचशी आपल्यासारखीच राहते. म्हणजे मेहकरच्या पोराचे निरीक्षण अचूक होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा घाईचा होता. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच घडली. ही तपासणी चालली असताना दोघांनी, इतक्या महिन्यांत प्रथमच, एकमेकांचे गाणे मन लावून ऐकले. उलटे का होईना. मी हेड बसवले, दोन्ही बाजू फुकट पुन्हा भरून दिल्या. पुढे कळले, की खोलीतला एक दिवसाआडचा करार मोडला होता, आणि पॉपच्या दिवशीही कधी कधी दुसरी बाजू लावली जात होती. कोण लावत असे ते मी विचारले नाही.

याच सुमारास माझ्या दुकानी एक वृद्ध मृदंगी येत. शेजारच्या खेड्यातल्या भजनी मंडळाचे ते जुने वादक. अभंगाला सिनेमाच्या चाली लावणाऱ्या तरुण मंडळींशी त्यांचा हाडवैराचा दावा होता, आणि त्या दाव्यात ते इतके कडवे की फिल्मी चालीवर अभंग सुरू झाला की मृदंग खाली ठेवून उठून जात. एकदा त्यांच्या कीर्तनाची कॅसेट भरून होईपर्यंत ते बाकावर टेकले असता, शेजारच्या डेकवर 'रेन इन ब्लड' उतरत होते. मी संकोचून आवाज कमी करू लागलो. त्यांनी हाताने थांबवले. मिनिटाला दोनशेच्या वर ठोके पडणारी ती चाल म्हाताऱ्याने मांडीवर बोटांनी धरायचा प्रयत्न केला, सुटली, पुन्हा धरली. गाणे संपल्यावर म्हणाले, "पळते बाप्पा, पण सुटत नाही." मग थोडा विचार करून, "पण गळा काऊन फाडते तो?" मी त्यांना जॅक्सनही ऐकवला. मान हलवून म्हणाले, "हा बरा हाय. पण हा त्या सिनेमाच्या चालीवाल्यायचा." त्या एका वाक्यात त्यांनी साता समुद्रांपलीकडचा वाद आपल्या मंडळाच्या दप्तरात नोंदवून टाकला.

१९९१ साली मेटॅलिकाने काळ्या वेष्टणाची, नुसते स्वतःचेच नाव दिलेली कॅसेट काढली, आणि थ्रॅशपक्षात फूट पडली. चाली आखूड, लय संथ, एक तर चक्क प्रेमगीत. पॉपवाले म्हणाले, या, आमच्याकडे जागा आहे. कट्टर थ्रॅशवाले म्हणाले, हे मेले. ज्यांना ती मनातून आवडली होती ते माझ्याकडे एकेकटे, संध्याकाळी उशिरा येऊन भरून नेत आणि आवरणावर नाव घालू नका म्हणत. गुप्तता राखणे हा अर्जनवीसाचा धर्म होय. मी तो पाळला.

पुढचा काळ भरभर गेला. गावात केबल आली, चॅनेल व्ही आले, १९९५ साली अलिशाच्या 'मेड इन इंडिया'ने देशी पॉपला घरोघर नेले, आणि १९९६ च्या १ नोव्हेंबरला जॅक्सन खुद्द मुंबईत अंधेरीला येऊन गाऊन गेला. त्या कार्यक्रमाला सरकारने दिलेल्या करमणूक करमाफीवरून उच्च न्यायालयात कज्जा उभा राहिला, तेव्हा वडील ऐंशीच्या घरात होते, माझ्या दुकानात दोन्ही पक्ष वर्तमानपत्रातले जॅक्सनचे छायाचित्र पाहून भांडत असता ते म्हणाले, "गाणं कोणाचं ते राहू द्या. कर कोणी माफ केला ते वाचा."

माझा फैसला मला अनेकांनी विचारला. मी कधी दिला नाही. गिऱ्हाईक तोडणे परवडत नव्हते. आता दुकानच नाही, तेव्हा देतो. दुरुस्तीसाठी वा पुन्हा भरण्यासाठी ज्या कॅसेटी परत येत त्यांत पॉपची पट्टी सबंध झिजलेली असे, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सारखी. बहिणीने ऐकलेली, पाहुण्यांनी ऐकलेली, गणपतीत लावलेली. थ्रॅशची पट्टी बहुतेक कोरी करकरीत, आणि एकाच जागी, हाताच्या बोटाएवढ्या लांबीत, पार पांढरी पडलेली: मुलाने गिटारीची एक जागा हाताला बसावी म्हणून मागे-पुढे, मागे-पुढे करून तेवढीच शंभरदा ऐकलेली. पॉप घर चालवते आणि थ्रॅश एखाद्याला कामाला लावते, आणि मी स्वतः कामाला लागलेला माणूस असल्यामुळे माझा कौल, एका मताने, थ्रॅशला. घरी मात्र मी 'डिस्को दिवाने' लावीत असे, हेही रेकॉर्डवर असावे. आणि दोन्ही पक्षांवर माझा एक ताशेरा आहे: प्रतिपक्षाचा जबाब शेवटपर्यंत वाचल्याखेरीज कैफियत लिहू नये, हा माझ्या वडिलांचा नियम त्या डोळस, हुशार, इंजिनियर होऊ घातलेल्या मुलांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनीच पाळला.

२००० नंतर एका तबकडीत दीडशे गाणी मावू लागली. कोणते वगळायचे हा प्रश्न संपला, तसा कोणते थोर हा प्रश्नही मंदावला. मुले येत, पेटी भरून नेत आणि न बोलता जात. कॅसेटीच्या डेकवर 'डॉल्बी' नावाची एक कळ असे. रे डॉल्बी नावाचे गृहस्थ भारतात युनेस्कोचे सल्लागार म्हणून काम करून परत गेले आणि १९६५ साली त्यांनी आपली संस्था काढली. पट्टीच्या मूळच्या खरखरीचा आवाज कमी करणे, हे त्या कळेचे काम. आता मिरवणुकीत ज्याने खिडक्यांची तावदाने हादरतात त्या भिंतीएवढ्या कर्ण्यांच्या राशीला आपल्याकडे 'डॉल्बी' म्हणतात. गोंगाट कमी करणाऱ्या माणसाचे नाव गोंगाटाला मिळाले, ही गोष्ट मला जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा मी कानांत बोटे घालूनही हसतो. २००४ च्या दिवाळीनंतर मी दुकान बंद केले. तेथे आता मोबाइलची दुरुस्ती होते.

२०११ च्या ऑक्टोबरात मेटॅलिका बंगळुरूत वाजवून गेली. त्याच्या दोन दिवस आधी दिल्लीजवळ गुरगावला ठरलेला त्यांचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला आणि संतापलेल्या श्रोत्यांनी मंचाची नासधूस केली, ही बातमी वाचली तेव्हा मी उगाच माळ्यावरून जुनी वही काढली. १९८८ च्या श्रावणातली ती नोंद अजून तशीच आहे, पुढे भरपाईची खूण नाही: 'ठाणे, दुसरी बाजू, अखेरची दोन मिनिटे देणे.' तो मुलगा पदवी घेऊन गेला आणि मागायला आला नाही, मीही विसरलो.

डेक माझ्याजवळ आहे. त्यातला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकटला आहे आणि तसा पट्टा अकोल्यातही मिळत नाही. कोणा वाचकाजवळ असला तर कळवावे. आणि तो ठाण्याचा गृहस्थ हे वाचत असेल, तर त्याने कॅसेट घेऊन यावे, दोन मिनिटांचे पैसे पडणार नाहीत.